अप्पांचा कोरडा पाय

काल बीदरला लागून असलेल्या नौबादच्या पेट्रोल पंपाच्या छपराखाली एक माणूस बुटांवर पिशव्या बांधत होता. पाऊस चांगलाच लागला होता. मी स्कूटर बाजूला लावून उभी होते आणि तो त्याच्या मोटारसायकलला टेकून, एक पाय उचलून, किराणा दुकानातली पांढरी पिशवी बुटावरून चढवत होता. घोट्याला गाठ मारली, दुसरा पाय उचलला, तोल गेला, पुन्हा सावरला. मग गाडीला किक मारून तो बीदरच्या दिशेने पावसात शिरला.

मला त्याला सांगायचं होतं. पिशवी बुटावरून नाही घालायची हो, बुटाच्या आत घालायची, मोज्यावरून. वरून घातलेली पायाखाली लगेच फाटते, आणि ओलं प्लॅस्टिक ब्रेकवरून सटकतं. रेनकोटाची विजार बुटात खोचायची नाही, बुटाच्या बाहेर सोडायची. खोचली की अख्ख्या मांडीवरचं पाणी नरसाळ्यातून ओतावं तसं बुटात उतरतं. हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण अनोळखी माणसाच्या पायांबद्दल बोलायचं कसं, म्हणून गप्प राहिले. पाऊस ओसरला, बाकीचे लोक आपापल्या गाड्या काढून गेले. मी मात्र तिथेच उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांपुढे नौबादचा रस्ता नव्हताच. आळंदचा होता.

त्या वर्षी अप्पांच्या, माझ्या वडिलांच्या, डाव्या पायाचा अंगठा गेला.

आमचं घर आळंद तालुक्यातल्या खजुरी गावाबाहेर, शेतात. गावात अप्पांचं कापडाचं लहानसं दुकान, आणि घराभोवती तुरीचं रान. साखरेचा आजार त्यांना बऱ्याच वर्षांपासून होता. पायांना काही समजेनासं झालंय, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. चपलेतला एक खिळा वर आला, तो दिवसभर अंगठ्यात रुतत राहिला आणि ते दिवसभर गिऱ्हाइकांना लुगडी उलगडून दाखवत राहिले. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तो काढला आणि म्हणाले, "जखम भरून येईल. एक दिवसाआड आळंदला जाऊन ड्रेसिंग करून घ्या. पण या पायाला पाणी लागता कामा नये. ओल धरली, पुन्हा सडायला लागलं, तर घोट्यापासून काढावा लागेल."

तेव्हा ज्येष्ठ संपत आला होता. पुढे सगळा पावसाळा पडलेला. माझी आई दवाखान्याच्या जिन्यावर बसकण मारून म्हणाली, "ह्यास्नी सांगून झालं. आता आभाळाला कोण सांगावं?"

पहिल्यांदा आम्ही बसने गेलो. बस खच्चून भरलेली. मी अप्पांच्या पायापुढे उभी राहून दोन्ही हात पसरून लोकांना थोपवत होते. तरी आळंदच्या स्टँडवर उतरताना कुणाचा तरी बूट त्या बँडेजवर पडला. अप्पांना दुखलंच नाही. खाली उतरल्यावर पांढऱ्या पट्टीवर लाल डाग पसरताना दिसला, तेव्हा कळलं. अप्पा त्या डागाकडे दुसऱ्या कुणाचा पाय असावा तसे बघत राहिले. मग म्हणाले, "आता बस नगं."

भाऊ पुण्याला कंपनीत. फोनवर म्हणाला, दर खेपेला कुणाची तरी जीप सांगा. पण खुरपणीच्या दिवसांत कुणाची जीप कधी मोकळी मिळणार? ओसरीत अप्पांची मोटारसायकल उभी होती. मी बी.ए. होऊन घरी बसलेली, लग्नाचं बघणं चाललेलं. सायकल येत होती. मी गाडीकडे बघितलं, अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"येईल तुला?" त्यांनी विचारलं.

"शिकवा की."

खळ्याच्या कडेला बाज टाकून, पाय उशीवर ठेवून, त्यांनी मला बसल्या जागेवरून गाडी शिकवली. मी खळ्यात गोल गोल फिरत होते आणि ते ओरडत होते. "क्लच हळू सोड! चुलीवरनं दूध उतरवतीस न्हवं, तसं!" गाडी गचकन बंद पडली की म्हणायचे, "सांडलं दूध." आई दारातून बघत कपाळाला हात लावायची. गाडी उंच होती, माझे पाय जेमतेम टेकायचे. पण चार-सहा दिवसांत दूध सांडायचं थांबलं.

मग खरी कसरत सुरू झाली. अप्पांच्या पायाला पाणी लागू द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी आईने युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लॅस्टिक धुऊन, वाळवून त्याची लांब पिशवी शिवली. ती गुडघ्यापर्यंत चढवली आणि वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली. पावसाचा एक थेंब आत गेला नाही. आळंदला पोचल्यावर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरनी पिशवी काढली आणि पट्टी पिळून दाखवली. ओलीचिंब.

"पाऊस कुठनं लागला?" मी घाबरून विचारलं.

"पाऊस न्हाई, घाम हाय ह्यो," सिस्टर म्हणाल्या. "भाजी वाफवल्यागत वाफवून आणलंय तुमी पाय. आन् वर किती आवळलाव! रक्त कसं उतरंल खाली?"

या सिस्टर कमलनगरकडच्या. बोलायला तोडून टाकणाऱ्या, हात मात्र कापसासारखे. अप्पा आत शिरताना त्यांना आमच्या समाजातला नमस्कार म्हणून "शरणार्थी" म्हणायचे, त्या मान वर न करता "जय भीम, अप्पा, पाय वर घ्या" म्हणायच्या. सगळा पावसाळा त्यांचं बोलणं याच दोन शब्दांनी सुरू झालं.

गमबूट आणला, तो बँडेजवरून चढेना. छत्री धरून बघितली, वाऱ्याने उलटी झाली. शेवटी आम्ही मैनुद्दीनमामांकडे गेलो. खजुरीच्या फाट्यावर त्यांचं गाडी दुरुस्तीचं दुकान होतं, आणि अप्पांच्या दुकानातलंच कापड त्यांच्या घरात प्रत्येक ईदेला जायचं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"अच्छा हुआ बायाँ पाँव है, अप्पा," ते म्हणाले. "सीधे बाजू सायलेंसर है. तुमारे कू चटका बी समजता नै."

डाव्या बाजूला बायकांच्या साडीसाठीची लोखंडी जाळी असते. मामांनी गोडेतेलाचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन आणला, त्याची मागची बाजू कापली, आणि तो त्या जाळीला आडवा बांधून टाकला. अप्पांनी मागे बसून पाय कॅनमध्ये सरकवायचा; समोरून येणारं पाणी, चाकाचा चिखल, सगळं कॅनवर. मागून वारा खेळता, म्हणजे वाफवायचं नाही. खाली भोकं, चुकून पाणी शिरलंच तर निघून जाईल. कॅनवरचं पिवळंधमक सूर्यफूल तसंच राहिलं होतं.

गावात हसू पिकलं. पारावरचे म्हातारे म्हणायचे, "अप्पा, पायाला घर बांधलाव, आता आमाला जेवाय कवा घालताव?" अप्पा गाडीवरूनच उत्तर द्यायचे, "रंग द्यायचा ऱ्हायलाय अजून."

पण पाय कोरडा राहायला लागला.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्या पावसाळ्यात मी जितकं अप्पांशी बोलले तितकं त्याआधी कधी बोलले नव्हते. घरात बापलेकीचं बोलणं कितीसं असतं? जेवलीस का, दार लाव, दिवा लाव. गाडीवर मात्र दोघांची तोंडं एकाच दिशेला. तोंड दिसत नाही म्हणूनच की काय, माणूस बोलतो. अप्पा माझ्या कानामागून बोलायचे आणि वाऱ्याने अर्धं उडून जायचं. त्यांच्या लहानपणी या रस्त्याला चिंचा होत्या, त्या कशा तोडल्या. त्यांना शिंपी व्हायचं होतं, त्यांच्या वडिलांनी दुकानात बसवलं. आईला बघायला गेले तेव्हा त्यांनी तिचा चेहरा बघितलाच नव्हता, लाजून तिच्या चुलत बहिणीकडे बघत बसले होते, आणि लग्नाच्या दिवशी घाबरून गेले होते की ही कोण! मी हसताना गाडी डुलायची. "रस्त्याकडं बघ," ते दटावायचे, आणि पुढचं सांगायला लागायचे.

दोन्ही बाजूंना काळं रान. त्यात मुगाच्या शेंगा काळ्या पडत आलेल्या, उडीद गुडघ्याला लागलेला, तूर अजून लहान. पाऊस लांबून यायचा तो दिसायचा. आधी आभाळाखाली राखाडी पडदा, मग ओल्या मातीचा वास, मग हातांवर टोचणारे थेंब. अप्पा म्हणायचे, "आला गं, आला. थांबतीस का जातीस?" मी म्हणायचे, "जाऊ." कधी एखाद्या पत्र्याच्या शेडखाली थांबायचो. अप्पा आधी कॅनमधून पाय काढून पट्टी चाचपायचे आणि मला फक्त मान हलवून दाखवायचे. कोरडा.

परतताना आळंदच्या स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही बसायचो. चुरमुऱ्याचा सुसला, मिरचीची भजी, आणि अप्पांसाठी बिनसाखरेचा चहा. चहाचा पहिला घोट घेऊन ते दर वेळी तेच म्हणायचे, "ह्यापरीस पावसाचं पाणी गोड." आणि तरी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचे. घरी जायची घाई आम्हा दोघांनाही नसायची. आजारी माणसाला दवाखान्यात नेऊन आणतोय, हे मी तितक्यापुरतं विसरून जायचे.

श्रावण संपता संपता झड लागली. शेतातून डांबरी रस्त्याला येताना मध्ये ओढा लागतो. एरवी त्यात म्हशी बसाव्या इतकंही पाणी नसतं. त्या सकाळी तो काठाला लागून वाहत होता. आदल्या खेपेला सिस्टरनी जखमेचा वास घेऊन कपाळाला आठी घातली होती. "एक बी ड्रेसिंग चुकवू नगासा आता," म्हणाल्या होत्या. मी गाडी काठावर लावली, सलवार वर खोचली आणि आत उतरून बघितलं. मध्यावर गुडघ्याच्या वर येत होतं. गाडी कशीबशी निघाली असती. अप्पांचा पाय कॅनसकट बुडाला असता.

"माघारी चल," अप्पा म्हणाले.

"पाठीवर बसा."

"काय?"

"माज्या पाठीवर बसा, अप्पा. पलीकडं सोडते, मग गाडी आणते."

"येडी का काय तू? लेकीच्या पाठीवर बसू व्हय? लोकं काय म्हणतील?"

"कोण लोकं? हितं बगळे हायत नुसते."

ते बराच वेळ ओढ्याकडे बघत उभे राहिले. मग बांधाच्या दगडावर चढले आणि माझ्या गळ्यात हात टाकले. आजाराने ते इतके हलके झाले असतील असं मला वाटलं नव्हतं. कापडाचे तागे खांद्यावर टाकून माडीवर चढणारे अप्पा. मला वजन पेललं, त्याचंच वाईट वाटलं.

पाणी गार होतं आणि गढूळ. पायाखाली गोटे घसरत होते. त्यांचे दोन्ही गुडघे माझ्या हातांत, आणि माझ्या डाव्या कोपराजवळ तो पांढऱ्या पट्टीचा पाय. मी त्याच्याकडेच बघत चालले होते. तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधार आला. अप्पांनी छत्री उघडून आमच्या डोक्यांवर धरायची सोडून पुढे वाकवून पायावर धरली होती.

"छत्री वर घ्या, मला काय बी दिसायला न्हाई!"

"पाय भिजायलाय गं!"

"मी पडले तर दोगंबी भिजू की!"

छत्री वर गेली. मध्यावर आले तेव्हा धार मांड्यांना ढकलायला लागली आणि मी थांबले. अप्पांचा श्वास माझ्या मानेवर येत होता. ते एकदम कानडीत बोलायला लागले, अगदी हळू, "निधान, अव्वा, निधान." सावकाश, आई, सावकाश. कानडीत लाडाने लेकीलाही अव्वाच म्हणतात, लहानपणी ते मला तसं म्हणायचे. कितीतरी वर्षांनी म्हणत होते. मी एक एक पाऊल चाचपत पलीकडे गेले आणि त्यांना एका धोंड्यावर बसवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पट्टी चाचपली, मान हलवली, आणि मग तोंड फिरवून उपरण्याने डोळे पुसले. मी गाडी आणायला परत पाण्यात उतरले, म्हणजे त्यांना मोकळेपणी पुसता यावेत.

"पहिल्या गेरात!" मागून आवाज आला. "रेस सोडू नगं! मधी थांबू नगं!"

आळंदला सिस्टरनी पट्टी सोडली, बोटाने कडेकडेने दाबलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "कोरडा ठणठणीत. मास बी लाल दिसायलंय. भरंल आता." मग त्यांची नजर खाली गेली. मी उभी होते तिथे फरशीवर पाण्याचं थारोळं झालं होतं.

"आन् हिच्या पायाचं काय?" त्या अप्पांना म्हणाल्या.

सगळा पावसाळा माझे पाय ओलेच होते. पुढे बसून मी चिखल अंगावर घेत होते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या, कातडी पांढरी पडून सोलत होती, चालताना आग व्हायची. घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तरी कुठे बोलले होते? एका घरात एकाच पायाची काळजी करायला जागा होती.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला अप्पांनी मला ओसरीत बोलावलं. समोर आईने गरम केलेलं खोबरेल, त्यात हळद. "बस. पाय हिकडं दे."

"नगं, अप्पा. पाय नका धरू."

"कामून? तू माजा धरतीस की."

"ते निराळं."

"कशाचं निराळं? पाय तो पाय. दे म्हणलो न्हवं."

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. धोतराच्या सोग्याने एक एक बेचकं कोरडं केलं, कापसाने तेल लावलं. कापडाचा पोत तपासावा तशी त्यांची बोटं चालत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. आई आतून आली, दारातच थबकली आणि परत आत गेली.

त्यानंतर दर संध्याकाळी ते विचारायचे, "कोरडे केलीस का?" आणि मी त्यांच्यासारखीच नुसती मान हलवायचे.

त्याच दिवसांत नौबादची मंडळी मला बघायला आली होती. त्यांच्यातल्या एका थोरल्या माणसाने जरा खालच्या आवाजात विचारलं, "मुलगी मोटारसायकल चालवते म्हणं?" अप्पा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. म्हणाले, "व्हय. मीच बसतो की मागं." त्या हिवाळ्यात माझं लग्न झालं आणि मी बीदरला आले.

आता माझ्या स्कूटरच्या डिकीत चांगले बूट असतात. पाऊस मोठा असला की मी शिकवते त्या शाळेत नवरा कारने सोडतो. काचा बंद, पाय कोरडे. त्याने काही बिघडतं असं नाही, तो फार भला माणूस आहे. पण पाऊस बोनेटवर आपटायला लागला की माझ्या मानेला कुणाचा तरी श्वास लागायचा राहून गेलाय असं वाटतं. मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर ऐकायला कसं वाटेल: बापाचा पाय सडत होता, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा पावसाळा होता.

अप्पा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. छातीच्या दुखण्याने गेले, वैशाखात. आमच्यात बसवूनच माती देतात. मांडी घालून त्यांना बसवलं तेव्हा बायका मागे होत्या, मी पुढे गेले. मला पाय बघायचे होते. डावा उजव्यावर दुमडलेला, अंगठा नसलेला, पण अख्खा. दोन्ही पायांनिशी गेले. खड्ड्यातली माती भुसभुशीत कोरडी होती. सगळ्या जगात त्या क्षणी मला तेवढ्यानेच धीर दिला.

पण डोळ्यांपुढे येतात ते अप्पा निराळेच. दसरा होऊन गेला होता. सिस्टरनी पट्टी सोडली, पाय डावी-उजवीकडे वळवून बघितला आणि पट्टी परत बांधलीच नाही. "झालं, अप्पा. आता येऊ नगासा." आम्ही दोघं बाहेर येऊन पायरीवर उभे राहिलो. आनंद व्हायला हवा होता. झालाही होता. पण हॉटेलात सुसला खाताना कुणी फारसं बोललं नाही.

मग एक दिवस मधला गेला. त्यानंतरच्या दिवशी, ज्या वेळी आम्ही निघायचो त्याच वेळी, मी अंगणात कपडे वाळत घालत होते. अप्पा बाहेर आले. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा, पायात नवी चप्पल. ओसरीत गाडीजवळ जाऊन उभे राहिले आणि सीटवरून उगाच हात फिरवला.

"चल गं," म्हणाले. "आळंदला जाऊन येऊ."

"आता कशाला, अप्पा? ड्रेसिंग तर संपलं की."

त्यांनी रस्त्याकडे बघितलं. आभाळ स्वच्छ निळं होतं, ढगाचा ठिपका नव्हता, तुरीला पिवळा फुलोरा आला होता.

"कायतरी काम काढू की तितं गेल्यावर," ते म्हणाले.

मी हातातला ओला पिळा तसाच बादलीत टाकला. गाडी काढली. अप्पा मागे बसले, खांद्यावर हात ठेवला. डांबरी रस्त्याला लागल्यावर मी गेर बदलायला गेले, तेव्हा ते कानामागून म्हणाले, "हळू घे. घाई न्हाई."